वीस सेकंद

बाटली पडली तेव्हा मी सायकलच्या एकतिसाव्या किलोमीटरवर होते. रस्ता कधीतरी आडवा खणून पुन्हा बुजवला होता. त्या डांबराचा उंचवटा मला लांबून दिसलाच नाही. हँडलला दणका बसला, मागे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मान वळवून पाहिलं, तर माझी निळी बाटली घरंगळत कडेच्या गवतात शिरत होती. थांबून, चार पावलं मागे जाऊन ती उचलायला फार तर वीस सेकंद लागले असते. मी थांबले नाही.

त्या दिवसाबद्दल लोक मला पोहण्याचं विचारतात, पदकाचं विचारतात, किती वेळ लागला ते विचारतात. मला मात्र अजून ती बाटलीच आठवते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मध्यम अंतराची ट्रायथलॉन म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं. एकूण ११३ किलोमीटर. मैलांत हेच आकडे १.२, ५६ आणि १३.१ होतात. त्यांची बेरीज ७०.३, म्हणून या अंतराला ते नाव पडलं. घड्याळ पाण्यात उतरताना सुरू होतं आणि शेवटची रेषा ओलांडेपर्यंत थांबत नाही. मधे बूट घालायला लागलेला वेळसुद्धा त्यातच धरतात. आमच्या स्पर्धेत एकूण साडेआठ तास होते. त्यातली पहिली ७० मिनिटं पोहण्याची. तेवढ्यात पाण्याबाहेर आलं नाही, तर पायाला बांधलेली वेळ मोजणारी चिप काढून घेतात आणि तुमचा दिवस तिथेच संपतो.

मला भीती होती ती या ७० मिनिटांची. मी मुळात धावणारी. आठ वर्षं अर्ध मॅरेथॉन धावत आले होते, सायकलही चालवत होते, पण पोहायला शिकले ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पहिले दोन महिने मी तलावाची एक लांबी पार केली की काठाला धरून धापा टाकत उभी राहायचे, आणि मला वाटायचं, आपली छाती लहान पडते. सरांनी एक दिवस शेजारी उभं राहून नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही श्वास घेताय, पण सोडत नाही आहात. पाण्यात सगळा सोडा. घ्यायचा तो आपोआप घेतला जाईल." पाण्यात तोंड असताना आपण श्वास कोंडून धरतो, मग मान वळवल्यावर त्या अर्ध्या सेकंदात सोडायचाही असतो आणि घ्यायचाही. दोन्ही अर्धवट होतं. पाण्याखाली हूंऽऽ असा आवाज करत बुडबुडे सोडायला मला तीन आठवडे लागले. त्यानंतर दीड वर्षानं मी स्पर्धेत नाव दिलं.

स्पर्धेच्या पहाटे पाण्याचं तापमान मोजून जाहीर झालं: २६ अंश. आमच्या नियमांप्रमाणे २४.५ च्या वर गेलं की वेळ आणि क्रमांक धरायचा असेल, तर वेटसूट घालता येत नाही. वेटसूटचं रबर माणसाला वर तरंगतं ठेवतं, त्या भरवशावर आलेल्या बऱ्याच जणांचे चेहरे उतरले. मला फरक पडणार नव्हता, कारण माझा सराव साध्या कपड्यांवरच झाला होता. दंडावर आणि पोटरीवर नंबर लिहून घेतला. अंधार विरळ होत होता आणि आठशे माणसं इतकी गप्प होती की काठावरच्या दगडांवर पाणी आदळल्याचं ऐकू येत होतं.

सरावाच्या तलावात तळाशी काळी पट्टी असते. इथे चेहरा पाण्यात घातला की नुसतं हिरवं. आपले हात कोपरापर्यंत दिसतात, पुढे काही नाही. पहिले तीनशे मीटर बरे गेले. मग कुणाची तरी टाच माझ्या डोळ्यावर बसली, गॉगल सरकला, त्यात पाणी शिरलं, आणि दीड वर्षात शिकलेलं सगळं एका क्षणात गेलं. मी श्वास कोंडून धरला. मान वर काढली तर पाय खाली गेले. पाय खाली गेले म्हणून हात जोरात मारले. हात जोरात मारले म्हणून श्वास आणखी तोकडा झाला.

डाव्या बाजूला कायाक होती, मदतीसाठी ठेवलेली छोटी होडी. तिला धरून थांबता येतं. तिच्या आधारानं पुढे मात्र सरकायचं नाही. मी टोक धरलं. वल्हं मांडीवर ठेवून बसलेला मुलगा असेल एकोणीस-वीस वर्षांचा. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही फारसं. समोर बघतच म्हणाला, "घाई नाही, ताई. वेळ आहे." मी गॉगल रिकामा केला, बसवला आणि तोंड पाण्यात घालून दहा वेळा फक्त हूंऽऽ केलं. तोवर माझ्या शेजारून पन्नासेक माणसं गेली असतील. दहावा श्वास नीट सुटला तेव्हा मी हात सोडला.

त्यानंतरचं पोहणं आठवलं की आजही छान वाटतं. दर आठ हातांनंतर डोळे तेवढे पाण्याबाहेर काढायचे, नारिंगी बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, कुठे आहे ते बघायचं आणि पुन्हा खाली. दुसऱ्या बोयापाशी मला एक जोडी पावलं सापडली. पोहताना दुसऱ्याच्या मागे राहण्याला बंदी नसते, आणि पुढच्यानं फोडलेलं पाणी मागच्याला हलकं जातं. त्या पावलांचे तळवे पांढरे पडले होते, उजव्या टाचेला चिकटपट्टी होती, आणि प्रत्येक लाथेबरोबर बुडबुड्यांचा एक झुबका माझ्या बोटांवर यायचा. मी जवळजवळ अर्धं अंतर त्या चिकटपट्टीच्या मागे पोहले. बाई होती की पुरुष, मला माहीत नाही. काठाला लागले तेव्हा घड्याळात ५८ मिनिटं झाली होती.

एक तास आडवं राहिलेलं शरीर एकदम उभं केलं की डोकं गरगरतं. काठावर स्वयंसेवक हात देऊन ओढून घेतात ते त्यासाठीच. तिथून सायकलींच्या रांगांपर्यंत पळायचं. आधी हेल्मेट, त्याचा पट्टा लावायचा, आणि मगच सायकलीला हात. हा क्रम चुकला तर दंड बसतो. ओल्या पायांवर मोजे चढत नाहीत, म्हणून मी आदल्या दिवशीच ते अर्धे उलटून, आत पावडर टाकून ठेवले होते. ही युक्ती मी कुणालाही सांगेन.

आता सायकल. या स्पर्धेचं सगळं गणित सायकलवर ठरतं, असं माझं मत आहे. पाण्यात खाता येत नाही. धावताना पोट इतकं हिंदकळतं की फारसं आत राहत नाही. खायची-प्यायची खरी जागा सायकल, आणि पुढच्या एकवीस किलोमीटरची तरतूद तिथेच करावी लागते. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, असतो, म्हणजे दोन हजारांच्या आसपास कॅलरी. सात तासांच्या कष्टाला एवढं अजिबात पुरत नाही. चरबी जळते, पण हळू. म्हणून तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं बाहेरून द्यायची, तीही थोडी थोडी, पहिल्या तासापासून. एका सायकलभर मिळून मला सुमारे दोनशे दहा ग्रॅम घ्यायची होती. त्यातली एकशेवीस त्या निळ्या बाटलीत दाट कालवलेली होती. उरलेली फ्रेमवरच्या पिशवीत, साखरेच्या दाट जेलच्या पुड्यांमध्ये.

हे सगळं मला पाठ होतं. दर वीस मिनिटांनी घड्याळ थरथरणार आणि मी दोन घोट घेणार, असं सहा महिने केलं होतं. मग मी थांबले का नाही?

वारा पाठीवर होता. पहिल्या तासात मी ठरवल्यापेक्षा जोरात गेले होते. हृदयाचे ठोके १४० च्या आत ठेवायचे होते, ते १४८ वर होते आणि मला ते चांगलं वाटत होतं. पाण्यात पन्नास माणसं शेजारून गेली होती ना, त्यातली काही आता मला समोर दिसत होती. दोन सायकलींत १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, त्याहून जवळ गेलं की चटकन ओलांडून पुढेच जायचं असतं. ते ओलांडणं फार गोड लागतं. पुढच्याची पाठ मोठी होत जाते, चाकांचा आवाज जवळ येतो, बाजूला येतो आणि मागे राहतो. मी मोजत होते. अकरा झाले होते. बाटली पडली तेव्हा माझ्या मनात कर्बोदकं आली नाहीत. थांबले तर या अकरांतले तीन-चार तरी पुढे जातील, एवढंच आलं.

स्वतःला मी कारणही दिलं: पुढच्या केंद्रावर मिळेल काहीतरी. मिळालंही. पाणी, इलेक्ट्रोलाइट, अर्धं केळं. पण एकशेवीस ग्रॅमची भरपाई अर्ध्या केळ्यानं होत नाही.

पंचेचाळीसाव्या किलोमीटरला रस्ता वळून परत फिरला, तेव्हा १ तास ३६ मिनिटं झाली होती. सरावात इतक्या वेगानं मी कधीच गेले नव्हते. वळले आणि वारा छातीवर आला. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट करायचा तर हवेपुरती ताकद आठपट लागते, आणि समोरचा वारा त्याच हिशोबात भर घालतो. जाताना वाऱ्यानं मला जे दिलं होतं ते माझ्या पायांचं आहे असं मी धरून चालले होते. परतीच्या पंचेचाळीस किलोमीटरना १ तास ५४ मिनिटं लागली. अकरांपैकी नऊ जण पुन्हा पुढे गेले. शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये मी तीन जेल संपवली, आणि तेवढ्यावर उतरले.

सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव वेगळा करावा लागतो, त्याला ब्रिक म्हणतात. साडेतीन तास वाकून गोल फिरलेले पाय जमिनीवर आले की आपले वाटत नाहीत. मांड्या लाकडाच्या, आणि डोळ्यांना मात्र सायकलच्या वेगाची सवय, त्यामुळे धावणं संथ वाटतं आणि माणूस नकळत जोर करतो. पहिला किलोमीटर सात मिनिटांत जायचा होता, गेला सहा-दहामध्ये. मला कळतही होतं. पण धावणं माझं घर आहे, आणि दिवसभरात पहिल्यांदाच मी घरी आले होते.

आठव्या किलोमीटरनंतर मला थंडी वाजू लागली. दुपारचं ऊन डोक्यावर, आणि दंडावर काटा. मग राग यायला लागला. समोरच्या माणसाच्या बुटांचा चप् चप् आवाज मला सहन होईना. उरलेल्या अंतराला किती वेळ लागेल हे काढायचा प्रयत्न केला आणि एकवीसमधून नऊ वजा होईनात. साखर संपली की आधी पाय जातात असं मला वाटायचं. माझ्या बाबतीत आधी मन गेलं.

चालायला लागले तेव्हा मला १९७८ सालच्या पहिल्या आयर्नमॅनची, म्हणजे पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनची, गोष्ट आठवली. ती मी सरावाच्या दिवसांत वाचली होती. हवाईतल्या ओआहू बेटावर त्या फेब्रुवारीत पंधरा जण निघाले, बारा जणांनी पूर्ण केलं. आमच्या दुप्पट अंतर, आणि प्रत्येकानं आपापली मदतीची माणसं आणायची. जॉन डनबर नावाचा नौदलाचा गडी सायकलवरून उतरून धावायला लागला तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता. मॅरेथॉनच्या वाटेवर त्याच्या माणसांजवळचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर दिली. गॉर्डन हॅलर त्याला मागे टाकून ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला. वाचताना मला त्या बिअरची गंमत वाटली होती. नवव्या किलोमीटरला वाटली नाही. सगळ्यांच्या पुढे असलेल्या माणसाच्या हातात ऐन वेळी पाणी नसणं म्हणजे काय, ते मला घशात कळत होतं.

धावण्याचे दोन फेरे होते. साडेदहा किलोमीटरला वळताना नवरा आणि मुलगी उभी होती. नवऱ्यानं मला दुरूनच ओळखलं आणि काही बोलला नाही, त्यावरून मी कशी दिसत असेन ते मला समजलं. मुलगी चौदा वर्षांची. ती दोरीला चिकटून उभी होती आणि तिच्या हातात बाटली होती, माझ्यासाठी केलेल्या मिश्रणाची. सकाळी घाईत जास्तीचं कालवून मी तिच्याकडे दिलं होतं, नंतर पिईन म्हणून.

"आई, घे ना."

"नाही घेता येत गं."

स्पर्धकाला बाहेरच्या माणसाकडून काहीही घेता येत नाही. घेतलं तर बाद. तिला हे माहीत नव्हतं. तिनं हात आणखी लांब केला. बाटली माझ्यापासून हातभर अंतरावर होती, बाहेरून पाण्याचे थेंब आलेले मला दिसत होते. "अगं, घे ना, कुणी बघत नाहीये." मी मान हलवली आणि पुढे गेले. मागून ती नवऱ्याला विचारत होती, "बाबा, ती का नाही घेत?"

माझ्या सगळ्या शर्यतींमधला सर्वांत कठीण क्षण हाच. तहान लागली होती म्हणून नव्हे. लहान असल्यापासून तिनं पुढे केलेली कुठलीही गोष्ट मी कधी नाकारली नव्हती. आणि आज नाकारावी लागली ती एकतिसाव्या किलोमीटरला मी वीस सेकंद थांबले नाही म्हणून.

दहा ते पंधरा किलोमीटर मी बहुतेक चाललेच. एक काका बरोबर होते, साठीच्या पुढचे, त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: "एकदम पिऊ नकोस. प्रत्येक ठिकाणी दोन घोट कोला, एक घोट पाणी. पोटाला वेळ दे." बरोबर होतं त्यांचं. आतडी एका तासात ठरावीकच साखर आत घेतात. राहून गेलेलं सगळं एका केंद्रावर ओतलं तर ते पोटात डचमळत राहतं किंवा उलटून पडतं. मी दोन घोट, एक घोट करत गेले. पंधराव्या किलोमीटरच्या पुढे कधीतरी लक्षात आलं, की समोरच्याच्या बुटांचा आवाज नुसता आवाज आहे. थोड्या वेळानं मी एकवीसमधून सोळा वजा केले आणि पाच आले. काकांना म्हटलं, मी धावून बघते. ते म्हणाले, "जा, जा."

२ तास ३८ मिनिटं लागली धावायला. मी २ तास २५ धरली होती. तेरा मिनिटं. सगळा दोष बाटलीचा नाही, ऊन होतं आणि सुरुवातीचा जोर माझाच होता. पण त्यातली बरीच मिनिटं त्या गवतात पडली होती. एकूण ७ तास १८ मिनिटं.

रेषेच्या पलीकडे एक मुलगी गुडघ्यावर बसून माझ्या घोट्याची चिप सोडवत होती, कारण मला वाकता येत नव्हतं. पट्ट्याखालची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली होती, सकाळच्या पाण्यातून आत्ता बाहेर आल्यासारखी. कुंपणापाशी गेले तेव्हा लेकीच्या हातात ती बाटली तशीच होती. एवढा वेळ तिनं ती खाली ठेवली नव्हती. "आता चालेल?" तिनं विचारलं. मिश्रण कोमट झालं होतं. मी उभ्या उभ्या सगळं प्यायले.

दुसऱ्या दिवशी परतताना आमची गाडी त्याच रस्त्यानं जाणार होती. खणून बुजवलेली ती पट्टी आली तेव्हा मी नवऱ्याला थांबायला सांगितलं. लेक माझ्या आधी उतरली आणि गवतात शिरली. माझी निळी बाटली तिला लगेच सापडली; झाकण घट्ट होतं, तरी कडेला मुंग्या लागल्या होत्या. तिच्या पलीकडे एक लाल होती. मग एक पारदर्शक, जवळजवळ भरलेली. मग अजून दोन. पाच बाटल्या, सगळ्या त्याच उंचवट्याच्या पुढे दहा-पंधरा पावलांत.

"एवढ्या जणांच्या पडल्या? आणि कुणीच थांबलं नाही?" लेकीनं विचारलं.

आम्ही पाचही उचलल्या. पाण्याची एक मोठी बाटली गाडीत होती, त्या पाण्यानं तिथेच रस्त्याच्या कडेला एकेक उघडून मी त्या धुऊन घेतल्या.